यंत्र हाती आले, भानही येऊ द्या

गेल्या वर्षावासातील गोष्ट. यवतमाळातील आमच्या वस्तीच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. रोज संध्याकाळी सतरंज्या अंथरणारा, माईक लावणारा एक तरुण त्या दिवशी कोपऱ्यात गुपचूप बसून होता. डाव्या हाताला पांढरी पट्टी. वाचन आटोपल्यावर आम्ही जवळ बोलावून विचारले, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, “काही नाही काकाजी, गनचा खिळा लागला.”

गन हा शब्द कानी पडताच शेजारच्या आजीबाईंनी कपाळाला हात लावला. “माय वं! पोलिसायनं मारलं का तुले?”

सगळे हसले. तो तरुणही हसला. पण आजीबाई हसल्या नाहीत, आणि आम्हालाही हसू आले नाही. कारण पुढे त्याने जे सांगितले ते हसण्यासारखे नव्हते. “प्लायच्या मांगून हात धरला होता. खिळा इकडून मारला, तिकडून निंघाला. मले समजलंच नाही.”

“किती दिवसांत शिकलास बाबू हे काम?”

“आठ दिवसांत. ठेकेदारानं एकडाव दाखवलं, झालं.”

आठ दिवस! हा आकडा आमच्या मनात घर करून बसला, आणि आजचे हे सदर त्याच आकड्यावर आहे.

वाचकहो, सुतारकाम हे बलुतेदारीत एका जातीचे काम होते. सुताराचे पोर चालायला लागले की बापाच्या शेजारी बसायचे. आधी भुसा गोळा कर, मग पटाशीला धार लाव, मग पट्टी धरून ठेव. हातोडी हाती यायला वर्षे लागत. त्या वर्षांत बोट कुठे ठेवावे, लाकडाचा रेषा कसा पाहावा, गाठ कशी ओळखावी हे पोराच्या अंगी मुरत असे. आमच्या वाडवडिलांना त्या पडवीत प्रवेश नव्हता. त्यांच्या वाट्याला गावकीची कामे होती, मेलेले ढोर ओढणे होते, सरपण फोडणे होते. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली, १९५८ च्या कायद्याने वतन गेले, आणि आमचा माणूस नव्या कामांकडे वळला. आज आमच्या वस्त्यांतील कितीतरी तरुण फर्निचरच्या कारखान्यात, घरांच्या अंतर्गत सजावटीत, सेंट्रिंगच्या कामावर आहेत. कोणी आयटीआय करून गेला, कोणी नुसता मित्राच्या मागे गेला. यंत्र हाती धरणाऱ्याला जात विचारत नाही, ही त्याची मोठी थोरवी आहे.

पण यंत्र आणखीही एक गोष्ट विचारत नाही. तुला कोणी शिकवले आहे काय, हेही ते विचारत नाही. हातोडीने जे काम वर्षभराने जमे, ते गन आठ दिवसांत जमवून देते. काम आठ दिवसांत येते, सावधपणा येत नाही. सावधपणा पूर्वी बापाकडून, उस्तादाकडून मिळे. आमच्या पोरांना या धंद्यात ना बाप भेटला ना उस्ताद. म्हणून तो सावधपणा आपण मुद्दाम, ठरवून शिकला पाहिजे आणि दुसऱ्याला शिकवला पाहिजे.

या विचाराने आम्ही पुढच्या रविवारी वंदनेनंतर विहाराच्या ओट्यावर वस्तीतील सुतारकाम करणाऱ्या तरुणांना बसवले. एकाने आपली गन आणली, एकाने छोटा कॉम्प्रेसर. अनुभवी कारागिरांनी सांगितले, आम्ही टिपून घेतले आणि जे छापील वाङ्मय मिळाले तेही चाळले. त्याचे सार वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे यंत्र चालते कसे ते पाहू. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून टाकीत दाबून भरतो. ती हवा नळीवाटे गनमध्ये येते. ट्रिगर, म्हणजे घोडा, दाबला की आतला व्हॉल्व्ह उघडतो, दाबलेली हवा दट्ट्याला धक्का देते आणि दट्ट्याला जोडलेले पोलादी पाते खिळ्याच्या डोक्यावर आदळते. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडते. हातोडीचा घाव चुकतोय हे दिसले तर माणूस हात मागे घेऊ शकतो. येथे तेवढी उसंत नाही. आमच्याकडे सर्रास दिसणाऱ्या एफ-३० जातीच्या गनमध्ये १० ते ३० मिलिमीटर लांबीचे बारीक खिळे बसतात. सेंट्रिंगच्या आणि पेट्या ठोकण्याच्या गनमध्ये याहून लांब आणि जाड खिळे असतात. खिळा बारीक असला तरी बोटाच्या हाडाला तो पुरून उरतो.

हा धोका केवळ आमच्या अडाणी कारागिरांचा आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचे काम पाहणाऱ्या दोन सरकारी संस्थांनी, ओशा आणि नायॉश यांनी, २०११ साली बांधकाम ठेकेदारांसाठी या गनवर एक मार्गदर्शिका काढली. वर्षाला सुमारे ३७,००० माणसे खिळ्याच्या गनने जखमी होऊन तातडीच्या उपचारासाठी रुग्णालयात जातात, असा त्या देशाचा अंदाज त्यात दिला आहे. घरबांधणीतील शिकाऊ सुतारांपैकी पाचांत दोघांना चार वर्षांच्या काळात गनची इजा झाल्याचे आढळले. निम्म्याहून अधिक इजा हाताच्या आणि बोटांच्या. शिकलेल्या, पुढारलेल्या देशाची ही कथा, तर आठ दिवसांच्या शिक्षणावर उभ्या असलेल्या आमच्या पोरांचे काय?

आता कामाच्या गोष्टी.

पहिली गोष्ट घोड्याची. काही गनच्या तोंडाशी एक सेफ्टी असते. ती लाकडावर दाबली गेल्याशिवाय खिळा सुटत नाही. यातही दोन प्रकार आहेत. एका प्रकारात आधी तोंड टेकवायचे, मग घोडा दाबायचा, आणि दर खिळ्याला दोन्ही नव्याने करायचे. दुसऱ्या प्रकारात घोडा दाबूनच ठेवायचा आणि तोंड जिथे टेकेल तिथे खिळा सुटत जातो. दुसऱ्या प्रकाराने काम झपाट्याने होते, म्हणून तो आवडतो. पण त्यात इजेचा धोका पहिल्याच्या दुप्पट असल्याचे त्याच मार्गदर्शिकेत म्हटले आहे. गन मागे उसळते, पुन्हा टेकते आणि नको असलेला दुसरा खिळा सुटतो. नव्या कारागिराच्या हाती एकेक खिळा मारणारीच गन द्यावी. काही हलक्या गनना तोंडाची सेफ्टी नसतेच, नुसता घोडा असतो. तिथे तर बोट हीच सेफ्टी. खिळा मारायचा नसेल तेव्हा बोट घोड्यावर नको. गन हाती घेऊन चालताना, शिडी चढताना, शेजाऱ्याला देताना बोट बाहेर. सेफ्टी आडवी येते म्हणून तिची स्प्रिंग काढून टाकणारे किंवा घोडा तारेने बांधून ठेवणारे महाभाग आहेत. त्यांच्याबरोबर काम करू नये, असे आम्ही स्पष्टच सांगतो.

दुसरी गोष्ट दुसऱ्या हाताची. आमच्या तरुणाला जखम झाली ती याच हाताला. पट्टी धरणारा हात खिळ्याच्या जागेपासून किमान एक फूट दूर असावा. पट्टी लहान असेल तर हाताने धरू नये, शिकंजा लावावा. प्लायच्या मागे हात कधीच नको. लाकडात गाठ असली, आत जुना खिळा असला, तर नवा खिळा वाकून बाजूने बाहेर येतो. आमच्या जिल्ह्यात जुन्या वाड्यांचे सागवान पुन्हा वापरायची पद्धत आहे. त्या लाकडात मोडलेले खिळे हमखास असतात. आधी हात फिरवून, डोळ्याने पाहून, मगच गन लावावी. कडेला अगदी टोकाशी खिळा मारू नये, आणि समोर माणूस उभा असेल तर मुळीच नाही.

तिसरी गोष्ट हवेच्या दाबाची. बहुतेक गन ६० ते १०० पौंडांच्या दाबावर चालतात, पण जास्तीत जास्त किती, ते गनवर किंवा तिच्या कागदावर छापलेले असते. तेच प्रमाण. टाकीतला काटा आणि गनकडे जाणाऱ्या हवेचा काटा वेगळा असतो, तो ओळखायला शिका. आधी कमी दाबावर टाकाऊ तुकड्यात एक खिळा मारून पाहावा, तो वर राहिला तर दाब थोडाथोडा वाढवावा. आणि एक गोष्ट काळ्या दगडावरची रेघ समजा. कॉम्प्रेसर बिघडला म्हणून वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन किंवा दुसरा कोणताही गॅस या गनला जोडायचा नाही. स्फोट होतो.

चौथी गोष्ट खिळा अडकण्याची. खिळा अडकला की माणूस चिडतो आणि गन तोंडाकडून पाहू लागतो. आधी नळी काढा. मग खिळ्यांची पट्टी बाहेर घ्या. मगच पक्कड लावा. येथे आमच्या भागाचा एक खास धोका आहे. लाइट गेली की कॉम्प्रेसर बंद पडतो, आणि पोरांना वाटते गनही मेली. तसे नसते. टाकीत हवा भरलेलीच असते आणि त्यातून खिळे सुटू शकतात. लाइट गेल्यावर तोंडात बोट घालून अडकलेला खिळा काढू पाहिल्याने जखमी झालेला एक जण त्या रविवारी आमच्यासमोर बसला होता. त्याने सर्वांना आपला व्रण दाखवला. आमच्या दहा वाक्यांपेक्षा तो व्रण अधिक बोलला.

पाचवी गोष्ट डोळ्यांची आणि कानांची. तुटलेला खिळा, उडालेली ढलपी थेट डोळ्यात जाते. सुरक्षेचा चष्मा, बाजूनेही झाकणारा, तोच हवा. साधा नंबरचा चष्मा चालत नाही. आवाज क्षणभराचा असला तरी दिवसभर तो कानावर आदळतो, म्हणून कानात बोळे हवेत. आणि सुटी होताना कॉम्प्रेसरच्या नळीने अंगावरचा भुसा उडवण्याची जी सवय आहे ती मोडा. दाबाची हवा डोळा फोडू शकते, जखमेतून कातडीखाली शिरू शकते. गमतीत मित्राच्या अंगावर हवा सोडणे ही गंमत नव्हे, गुन्हा आहे.

आता निगा. गनची निगा म्हणजे पुन्हा माणसाचीच निगा. हवेत ओलावा असतो, दाबली की त्याचे पाणी होते आणि ते टाकीच्या बुडाशी साचते. पावसाळ्यात तर अधिकच. बुडाशी असलेला कॉक उघडून ते पाणी रोज काढावे. न काढल्यास टाकी आतून गंजते. वरून रंग चकाकतो आणि आत पत्रा पातळ होत जातो. गंजलेली टाकी वेल्डिंगचे ठिगळ लावून वापरू नये, बदलावी. टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जादा दाब सोडून देण्यासाठी असतो. तो गळतो म्हणून त्याला बूच मारणे म्हणजे उकळत्या कुकरची शिटी बांधून ठेवणे. पट्ट्यावर जाळी हवी, वायरला अर्थिंग हवे.

गनला सकाळी नळी जोडण्यापूर्वी, हवा आत जाते त्या तोंडातून, हवेच्या अवजारांसाठी मिळणाऱ्या खास तेलाचे दोन-तीन थेंब द्यावेत. गाडीचे ऑइल, रॉकेल, खोबरेल चालत नाही. आतील रबरी कडी, ज्यांना कारागीर ओ-रिंग म्हणतात, त्याने फुगतात किंवा विरतात आणि गन हवा सोडू लागते. मग स्क्रू घट्ट आहेत का पाहावे. सेफ्टी बोटाने दाबून सोडली की चटकन परत येते का, हे नळी न जोडता आणि खिळे न भरता पाहावे. अडखळत असेल तर ती गन त्या दिवशी वापरू नये. नळीला चीर, फुगवटा असेल तर चिकटपट्टी न लावता नळी बदलावी. संध्याकाळी कॉम्प्रेसर बंद, नळी अलग, खिळे बाहेर, टाकीतील हवा आणि पाणी रिकामे, गन पुसून पेटीत आणि पेटीला कुलूप. घरच्या पडवीत कारखाना असेल तर हे कुलूप दुपटीने महत्त्वाचे. मुलांना ती खेळण्यातली बंदूक वाटते.

इतके करूनही खिळा लागलाच तर? आधी नळी काढून गन दूर ठेवा. खोल रुतलेला खिळा स्वतः ओढून काढू नका. काही खिळ्यांना बारीक काटे किंवा डिंकाचा थर असतो. ओढताना आतील शीर, नस फाटते. हात हलू न देता, रक्त वाहत असल्यास खिळ्याच्या कडेने स्वच्छ कापडाने दाब देऊन दवाखाना गाठा. डोळा, छाती, पोट, डोके असेल तर खिळ्याला स्पर्शही नको. हळद, चुना, रॉकेल काही लावू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे डॉक्टरांना विचारा. जखम किरकोळ दिसली तरी दाखवा, कारण हाड दुखावलेले वरून दिसत नाही.

आम्ही पेशाने कारकून. त्यामुळे कागदाची गोष्ट सांगितल्याशिवाय आमच्याने राहवत नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात माणसाच्या अवयवांचा हिशेब मांडलेला होता. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के घटली असे धरायचे, एक डोळा गेला तर ४० टक्के. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कायद्याचे नाव बदलले, पण भरपाई मागणाऱ्याला आपण त्या दिवशी त्या मालकाच्या कामावर होतो हे दाखवावे लागते, ते बदललेले नाही. आमच्या पट्टीवाल्या तरुणाचे नाव कोणत्याच हजेरीत नव्हते. दवाखान्याचा खर्च त्याने आईची बचत मोडून केला. म्हणून प्रत्येकाने आपली डायरी ठेवावी. तारीख, कामाची जागा, ठेकेदार, मिळालेली मजुरी, सोबत कोण होते. अपघात झाल्यास वेळ आणि साक्षीदार लिहून ठेवावेत, डॉक्टरांना ‘कामावर झाले’ असे सांगून तसे लिहवून घ्यावे. घरबांधणीवर काम करणाऱ्या सुताराने, सेंट्रिंगवाल्याने बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम, ही त्याची मुख्य अट. मंडळाने वाटलेले सुरक्षेचे संच काही घरांत आम्ही पाहिले. बूट लग्नाला घालायला आणि हेल्मेट पोराला खेळायला! संच पेटीतून कामावर नेला तरच त्याचा उपयोग.

हे सारे आम्ही इतक्या तळमळीने का लिहितो? कारण आमच्या जिल्ह्याने एकदा मोठी किंमत मोजली आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशी डोक्याएवढी वाढली होती. फवारणी करणारे शेतमजूर आणि शेतकरी विषबाधेने शेकडोंनी रुग्णालयात आले. वीसहून अधिक दगावले. पंप हाती आला होता, औषध हाती आले होते. मुखपट्टी, हातमोजे आणि वारा पाहून फवारण्याचे ज्ञान मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते. मेले ते रोजाने दुसऱ्याच्या वावरात जाणारेही होते. अवजार आधी येते आणि त्याचे ज्ञान मागे राहते, त्या मधल्या जागेत गरीब माणूस मरतो. ही मधली जागा भरून काढणे हे समाजकार्य नव्हे काय?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात देशाचे मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली, ती त्यांच्याच खात्याने मांडलेली. थकलेला हात चुकतो, हे त्यामागचे साधे सत्य आहे. गनच्या जखमांबाबतही कारागीर सांगतात की घाई असते तेव्हा आणि दिवस कलताना त्या अधिक होतात. ठोक्याच्या कामात तास मोजले जात नाहीत, तेव्हा आपणच मोजावेत.

तथागतांनी अखेरच्या उपदेशात अप्रमादावर भर दिला. अप्रमाद म्हणजे जागेपण, गाफील न राहणे. आम्ही तो विहारात ऐकतो आणि तिथेच ठेवून येतो. घोड्यावरून बोट काढणे, प्लायमागचा हात बाहेर घेणे, टाकीतील पाणी सोडणे, हाही अप्रमादच आहे.

त्या रविवारनंतर वस्तीत एक ठराव झाला. नव्या पोराला गन देण्यापूर्वी जुन्या कारागिराने त्याला महिनाभर सोबत ठेवायचे. पहिले आठ दिवस तर गन नुसती पुसायची आणि पाहायची. पट्टीवाला तरुण आता बरा झाला आहे. बोट पूर्ण वाकत नाही, पण तोच आता नव्यांना शिकवतो. आणि आजीबाईंनी एक काम स्वतःहून अंगावर घेतले आहे. सकाळी नातू निघाला की त्या डब्याची पिशवी चाचपतात. भाकरी आहे की नाही ते नंतर, आधी चष्मा आहे की नाही ते पाहतात.

वाचक भगिनींनो, उद्या सकाळी तुमच्या घरची पिशवीही एकदा चाचपून पाहा.

जयभीम!